मुहूर्तापर्यंत होडी कोरडी

११ एप्रिल १९७८, मंगळवार
(डायरीत सोमवार छापलाय. डायरी गेल्या सालची आहे. बाबा पूर्णा जंक्शनला पॉइंट्समन, त्यांना कुणीतरी दर साली एक देतं, ते मला देतात. वार एकानं चुकतो, तेवढा खोडून लिहायचा. कोरी पानं वाया घालवणं मला जमत नाही.)

आज दुपारी होडी आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, निम्मी बाहेर लोंबकळत, आणि मागं अख्खं गाव. वीस फूट, सागाच्या फळ्यांची, वरून तांबडी, तळाला डांबर. धरणाचं पाणी उन्हाळ्यानं कोसभर मागं सरकलंय म्हणून आमच्या अंगणात दोन ओंडक्यांवर ठेवली.

चौदा महिने लागले. सात दरखास्ती, सगळ्या माझ्या अक्षरात. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन दत्तराव स्वतः म्हणाले, रुख्मिणबाई, तुमी मॅट्रिक नसत्या तर ही होडी जिंतूरच्या पुढं आलीच नसती. निम्मी सरकारची ग्रँट, निम्मं बँकेचं कर्ज. फक्त अट क्रमांक नऊ बाकी आहे: फिशरीचे साहेब मे महिन्यात येऊन चार माणसं बसवून होडी पाण्यावर बघणार. पास झाली तर कायम आमची. नापास झाली तर यादीतल्या पुढच्या सभासदाला. पुढचा सभासद आश्रुबा, ह्यांचा चुलतभाऊ, मधली भिंत एकच. होडी उतरवताना सगळ्यात जास्त जोर त्यानंच लावला. मला तेव्हाच शंका आली.

नापास व्हायचं कारण नाही. जिम्मा माझ्याकडं आहे.

रात्री झोप यायची नाही म्हणून आत्ताच लिहून ठेवते. ह्यांनी आजवर सांगडीवर मासे धरले. वाळलेले भोपळे दोरीनं बांधायचे, त्यावर पालथं पडायचं आणि हातानं पाणी मारत जायचं. गेल्या श्रावणात वारा सुटला, सांगड फुटली, हे दुसऱ्या दिवशी सकाळी एक भोपळा छातीशी धरून पलीकडच्या काठानं चालत घरी आले. तेव्हा मारुतीपुढं उभं राहून ठरलं. ह्यांनीच बोलून दाखवलं: कागद तुझे, पाणी माझं. होडी पाण्याला लागंपर्यंत तुझा शब्द, लागली की माझा.

ठेकेदारानं पाडव्याच्या आधी कबूल केली होती. तीन दिवस उशीर केला आणि साडेतीन मुहूर्तातला एक हातचा घालवला. पंचांग पाहिलं. आता अक्षय्य तृतीया, १० मे, बुधवार.

निश्चय: तोपर्यंत होडीला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही.

१२ एप्रिल, बुधवार, सकाळ

उठून बघते तर सासूबाई होडीत घागर ओततायत. दुसरी घागर. हापशाला तासभर उभं राहून भरलेलं पाणी! आत्याबाई, हे काय, मी म्हणाले. तर म्हणाल्या, तहानली हाय ती. रातभर कुरकुर करायलीय, तुला ऐकू न्हाई आलं? मी शांतपणे (बायनाबाई म्हणते वरच्या आळीपर्यंत ऐकू आलं, पण ती आश्रुबाची बायको) समजावून सांगितलं की लाकडाला पाणी लागलं की लाकूड सडतं. लहान पोराला कळतं. आणि मुहूर्ताआधी पाणी लागणं हा अपशकुन वेगळाच. त्या म्हणाल्या, बरं बाई, मी अंगठेवाली, आणि घागर उलटी करून बसल्या.

फडक्यानं होडी पुसून घेतली. पाणी पिळून तुळशीला घातलं.

१४ एप्रिल, शुक्रवार

ऊन भयंकर. मला बरंच वाटलं. मॅट्रिकला आर्किमिडीज होता. वस्तू हलकी तेवढी जास्त तरंगते. लाकूड वाळलं की हलकं होतं. म्हणजे होडी जितकी वाळेल तितकी चांगली तरंगेल. हे मी ह्यांना समजावलं. हे म्हणाले, आर्किमिडीजच्या गावाला धरण होतं का? मी म्हणाले समुद्र होता. मग गप्प बसले. पटलं असावं.

१६ एप्रिल, रविवार, रामनवमी

दुपारी जन्माच्या कीर्तनाहून आले. हे ओसरीवर जाळं विणत बसले होते. म्हणाले, होडी गाडीवर घालून काठाला नेऊ, दगडं घालून चार दिस पाण्यात बुडवून ठेवू, फळ्या फुगल्या की सांधे बसतेत.

नवी होडी. बुडवून ठेवायची. आपल्याच हातानं. रामजन्माच्या दिवशी असलं अभद्र!

मी म्हणाले पाण्याचा पहिला स्पर्श मुहूर्तावरच. हे म्हणाले, होडी हाय ती, नवरी न्हवं. मी म्हणाले मारुतीपुढं काय ठरलं होतं? ह्यांनी जाळ्याची गाठ दातानं ओढली आणि म्हणाले, ठरलं ते ठरलं. तुझा शब्द.

शब्दाचा माणूस आहे. पाचच्या सुमाराला भोपळे खांद्यावर टाकून धरणाकडं गेले. मी दिवा लावला, स्तोत्र म्हटलं, आणि वाऱ्याकडं कान लावून बसले. आठला हे आले. एक मरळ, दोन वाम. रविवारी मी मासे खात नाही. सोमवारी, गुरुवारी, शुक्रवारी आणि शनिवारीही नाही.

१९ एप्रिल, बुधवार

एवढी वीस फुटांची जागा उन्हात नुसती पडून. जीव तुटत होता. आज गव्हाचा चीक शिजवला आणि होडीत जुनं धोतर अंथरून कुरडया घातल्या. पुढच्या टोकाला मुगाचे पापड. वारा लागत नाही, कोंबड्या चढत नाहीत, ऊन थेट. छपरावर चढायची कटकट गेली. सरकारनं ग्रँट देताना हा फायदा लिहिलेला नाही.

बायनाबाई आली. म्हणाली, जाऊबाई, पापड धरायला जाळं कुठलं वापरायचं वो? मी हसण्यावारी नेलं, दोन पापड दिले. पापड हातात घेऊन तिनं होडीला एक फेरी मारली आणि एका सांध्यात करंगळी घातली. करंगळी आत गेली! म्हणजे बघा, किती जोरानं घातली असेल. दुसऱ्याच्या वस्तूत अशी बोटं घालतात का?

संध्याकाळी लिंबू-मिरची आणि बिब्बा बांधला. नजर वाईट.

२२ एप्रिल, शनिवार

कुरडया काढताना दिसलं की डाव्या अंगाच्या फळ्यांमधून उजेड येतोय. बारीक रेघ. नाही, बारीक नाही, पण मोठीही नाही. तीन-चार ठिकाणी. एका फटीतून आत्याबाई दिसल्या. त्याही तिकडून माझ्याकडंच बघत होत्या.

हे ठेकेदाराचं काम. लिहून देणार आहे सोसायटीला. पण साहेबांना आधीच कळलं तर नापास करतील, म्हणून तूर्त लिहून देत नाही.

२४ एप्रिल, सोमवार

रात्रभर विचार केला आणि पहाटे उपाय सुचला. घराच्या भिंतीला भेग पडली तर आपण काय करतो? मग.

पांढरी माती, शेण, थोडा भुसा, आणि घट्टपणासाठी उरलेला गव्हाचा चीक. आतून-बाहेरून सारवून काढली. बोटं बसवून कुयऱ्या काढल्या, टोकाला हळदीकुंकू. रेघ राहिली नाही. पैसा लागला नाही. होडी घरासारखी दिसायला लागली.

हे आले, होडीवरून हात फिरवला आणि हाताचा वास घेतला. म्हणाले, अगं, हे पाण्यात जायचं हाय. मी म्हणाले वाळलं की दगड होतं, चुलीचं बघत नाही का? हे म्हणाले, चूल पोहती का? आत्याबाई आतून हसल्या. दात नसले तरी हसणं ऐकू येतं.

ही दोघं एकत्र झाली की माझं शिक्षण वाया जातं.

२७ एप्रिल, गुरुवार, रात्री साडेनऊ

अक्षर वाईट येतंय. गुरुवारचा उपास.

चारला आभाळ भरून आलं. हे सांगडीवर गेलेले. मी म्हणाले होते दहा तारखेपर्यंत जाऊ नका, आता थोडे दिवस राहिले. हे म्हणाले, दहा तारखेपर्यंत तुझ्या कुरडया खायच्या का? आणि गेले.

पावणेपाचला वारा सुटला. पत्रे वाजायला लागले. धरणाच्या दिशेनं सगळं काळं. माझ्या डोळ्यापुढं एकच, तो श्रावणातला भोपळा. आणि तेवढ्यात पहिला टपोरा थेंब पडला. होडीच्या टोकावर. मुहूर्ताला तेरा दिवस राहिले असताना!

मग मला कुठून शक्ती आली माहीत नाही. घरातल्या सगळ्या गोधड्या बाहेर काढल्या आणि होडीवर टाकल्या. सात गोधड्या. वर ज्वारीची रिकामी पोती. मी ह्या टोकाला गोधडी ओढते आणि त्या टोकाची सरकते. मला वाटलं वारा. बघते तर आत्याबाई! त्या तिकडून गोधड्या काढतायत. पिऊ दे ग तिला, देवानं पाणी धाडलंय, पिऊ दे! मी म्हणाले आत्याबाई सोडा. त्या म्हणाल्या तू सोड. मी त्या भरल्या पावसात मोठ्यांदा मारुतीस्तोत्र म्हणत ओढत होते, त्या मला आणि ठेकेदाराला आणि मॅट्रिकच्या परीक्षेला शिव्या देत ओढत होत्या. सासूची गोधडी फाटली. माझ्या सासूची, म्हणजे त्यांच्याच लग्नातली.

शेवटी मी होडीवर पालथी पडले, गोधड्यांसकट. तशीच अर्धा तास. गारा पाठीवर. हात जोडायला मोकळे नव्हते म्हणून मनातच म्हणत होते, त्यांना आण, त्यांना आण, त्यांना आण.

साडेसहाला हे दारात उभे. एक भोपळा कमी. गुडघे सोललेले. अंगावर कोरडी जागा नाही. आत्याबाईंच्या अंगावर नाही, माझ्या अंगावर नाही, घरात एक अंथरूण कोरडं नाही. ह्यांनी एक गोधडी उचलली आणि खाली बघितलं.

होडी मात्र कोरडी ठणठणीत.

हे जेवले नाहीत. जमिनीवर पोतं टाकून झोपले. वाऱ्यानं दमले असणार.

निश्चय: ह्यांना दुखवायचं नाही. फक्त तेरा दिवस.

१ मे, सोमवार

टपाल आलं. फिशरीचे साहेब इन्स्पेक्शनला येणार: मंगळवार, ९ मे, सकाळी दहा.

नऊ! एक दिवस आधी. पत्र चार वेळा वाचलं. मग ही गेल्या सालची डायरी घेऊन बसले, वार चुकला असेल म्हणून. चुकला नव्हता.

दुपारी दत्तरावांकडं दरखास्त घेऊन गेले, इन्स्पेक्शन एक दिवस पुढं ढकलण्याबाबत. पंचांगाचं पान जोडलं होतं. दत्तरावांनी वाचली, चष्मा काढला. म्हणाले, रुख्मिणबाई, साहेब जीपवर चालतेत, पंचांगावर न्हाई. आणि होडी कशी हाय वो, लोक कायबाय बोलायलेत. मी म्हणाले उत्तम आहे, रोज हळदीकुंकू वाहते. ते म्हणाले, मी तब्येत विचारायलो.

५ मे, शुक्रवार

देवाला काळजी. पंचांग पुन्हा बारकाईनं पाहिलं. तृतीया मंगळवारीच सकाळी साडेनऊनंतर लागते! म्हणजे साहेब दहाला आले तरी तिथी तीच. चार दिवस नाहक जीव टांगणीला लावला. श्रद्धा असली की वाट निघते. शिक्षण असलं की ती सापडते.

सारवणाला दोन भेगा गेल्यात. ओला हात फिरवला. (ओला म्हणजे चिकानं. पाण्यानं नाही.)

७ मे, रविवार

हे सकाळी समोर येऊन बसले. असे कधी बसत नाहीत. म्हणाले, अजून दोन दिस हायत. आज रातीला नेऊन बुडवतो. दोन दिसात निम्मं तरी फुगंल. होडी गेली तर मी मरंपर्यंत भोपळ्यावर, तुला चालंल?

मी म्हणाले तिथी मंगळवारी साडेनऊला.

हे म्हणाले, अगं मी तुला इचारायलोय, तिथीला न्हाई.

मी पंचांग उघडलं. खरं तर पान पाठ आहे. उघडून बघत राहिले. हे उठले. भोपळे तपासायला लागले, एकेक कानाशी वाजवून.

मी बरोबरच केलं. एवढे दिवस पाळलेलं शेवटच्या दोन दिवसांत मोडायचं?

८ मे, सोमवार

साहेबांसाठी नारळ, पेढे, टोपी, टॉवेल. शेवया करणार होते, पण साहेब खातील न खातील, वाया जातं. चहा पुरे.

आत्याबाई ओट्यावर तंबाखू मळत होत्या. मी होडीवर शेवटचा हात फिरवत होते. म्हणाल्या, रुख्मिणे, कोरडी हाय तवर तुझी. पाण्याला लागली की त्याची. मोठ्या पाण्याला जाईल तो, धरणात बुडालेल्या जुन्या गावावर, जिथं बांबू टेकत न्हाई. भोपळ्यावर काठाकाठानं तरी ऱ्हातो. म्हणून पंचांग उघडतीस व्हय ग?

काहीही बोलतात. वय झालं. त्यांना डोळ्यानं दिसत नाही, म्हणून माझा हात कापत होता असंही म्हणाल्या.

९ मे, मंगळवार, संध्याकाळ

लिहायचं नव्हतं. पण पान कोरं राहील.

पहाटे होडी बैलगाडीवर घातली. काठाला गाव जमलेलं. साहेब साडेअकराला आले, म्हणजे तृतीया लागून दोन तास झालेले, उत्तमच. साहेब उंच, काळे, कोकणातले. गाडीवरच्या होडीजवळ आले, वाकले, बोटानं खरवडलं, वास घेतला. हे काय आहे, म्हणाले. मी म्हणाले सारवलंय, स्वच्छतेसाठी. त्यांनी कुयऱ्या पाहिल्या. त्यांच्या तोंडावर जे आलं ते कौतुक असावं असं मला तेव्हा वाटलं.

चार माणसं म्हणून हे, दत्तराव, साहेबांचा शिपाई आणि आश्रुबा. आश्रुबा स्वतःहून पुढं आला. मी नारळ फोडला. होडी पाण्यात ढकलली. आणि ती तरंगली! खरंच तरंगली. आर्किमिडीज! मी मागं वळून आत्याबाईंकडं बघितलं.

तेवढ्यात पुढून आवाज आला. सारवण सुटलं होतं. आधी भोवतीचं पाणी चहासारखं झालं, मग शेणाचे पोपडे वर आले, मग एक कुयरी सबंधच्या सबंध तरंगत बाहेर निघाली. दत्तराव म्हणाले, पायाला गार का लागायलंय? शिपायानं चपला हातात घेतल्या. हे शांत बसून होते, वल्हं मांडीवर, समोर बघत. काठावरचा माणूस न् माणूस ओरडत होता, हे एकटेच ओरडत नव्हते. काठापासून वीस हातांवर होडी बसली. उलटली नाही, कलली नाही. सभेत बसल्यासारखी चार माणसं बसल्या बसल्या खाली गेली. पाणी छातीइतकंच होतं. दत्तरावांची टोपी माझ्याकडं वाहत आली. आश्रुबा हसत होता. छातीभर पाण्यात, होडीची कड धरून. सोडत नव्हता.

साहेबांनी विचारलं, किती दिवस कोरडी ठेवली होती?

मला वाटलं एवढं तरी सांगावं. म्हणाले, अठ्ठावीस दिवस साहेब. एक थेंब लागू दिला नाही. गारांच्या पावसात अंगावर घेतली मी.

साहेब म्हणाले, बाई, मासा बाहेर काढून ठेवला असतात तर जास्त टिकला असता. आणि फाईल उघडली. होडी चालू स्थितीत नाही. यादीतील पुढील सभासद... लिहिताना त्यांच्या पेनाची करकर मला ऐकू येत होती. हे पाण्यातून चालत बाहेर आले, माझ्याजवळून गेले, आणि भोपळे ठेवले होते तिथं जाऊन बसले.

तेव्हा आत्याबाई उठल्या. साहेबांच्या फाईलीवर हात ठेवला, सरळ. लेकरा, म्हणाल्या, उपाशी माणसाला पळायला लावून पडला म्हणून लिवतूस व्हय? पाणी पिऊ दे तिला. पाच दिस. मग बस तू स्वतः. बुडली तर आश्रुबाला दे आणि मला बी दे सोबत, त्याला आई न्हाई.

लोक हसले. साहेब हसले नाहीत. म्हणाले, तुमच्याकडं होड्या कुठं होत्या आजी? त्या म्हणाल्या, मह्या बापाची व्हती, पूर्णा नदीवर, धरण व्हायच्या आधी. साहेबांनी पान उलटलं. १५ तारखेला याच रस्त्यानं परत जाणार, तेव्हा एकदा बघतो. शेवटचं.

१० मे, बुधवार, अक्षय्य तृतीया

सकाळी काठाला गेले. होडी तळाला. आत्याबाईंनी आत दगडं घालायला लावलीत, वर फक्त टोक दिसतं, लिंबू-मिरचीचं.

एक गोष्ट मात्र नोंदवते. पंचांगाप्रमाणं आजच्या दिवशी होडी पाण्यात आहे. पूर्णपणे पाण्यात आहे. मुहूर्त साधला.

हे ह्यांना सांगितलं नाही.

१२ मे, शुक्रवार

आत्याबाई तीन दिवस काठ सोडत नाहीत. म्हणतात आश्रुबा दगडं काढंल. मी भाकरी पोचवते. आज मी तिथंच बसले थोडा वेळ. विचारलं, आत्याबाई, फुगली नाही तर? त्या म्हणाल्या, फुगंल. मग मी विचारलं, फुगली तर? त्यांनी माझ्याकडं बघितलं. भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. शुक्रवारचा उपास होता. खाल्ला.

१५ मे, सोमवार

दगडं काढली, पाणी उपसलं, होडी वर आली. सांध्यात आता केसही जाणार नाही. बायनाबाईनं करंगळी लावून बघितली. नखही शिरलं नाही.

साहेब स्वतः बसले. तळाला हात लावून बघितला. कोरडा. पास.

मग फॉर्म भरायला घेतला. सात दरखास्ती माझ्या, चौदा महिने माझे. शेवटच्या पानावर रकाना होता, होडीची देखभाल करणारी व्यक्ती. मी पदर नीट केला. साहेबांनी लिहिलं, चांगुणाबाई. आत्याबाईंचा अंगठा घेतला. मग पेन माझ्याकडं दिलं. अंगठा ओळखणारी म्हणून सही करा, म्हणाले, तुम्हाला लिहिता येतं ना?

केली. पूर्ण नाव, सुवाच्य.

१६ मे, मंगळवार, पहाटे पाच

हे आज पहिल्यांदा जाणार. मोठ्या पाण्याला, जुन्या गावावर. रात्रीच सांगितलं. माझा शब्द संपला, त्यामुळं मी काही म्हणाले नाही. फक्त म्हणाले, वारा सुटला तर. हे म्हणाले, मग वल्हं मारीन.

हे उठायच्या आधी मी काठाला जाऊन आले. काही कारण नव्हतं. सांगडीतले दोन चांगले भोपळे पदराखाली नेले होते, होडीत मागच्या फळीखाली ठेवायला. उन्हाळ्याचे दिवस, पिण्याचं पाणी न्यायला काहीतरी लागतंच. (तोंडं बुजवलेले आहेत, ते उघडता येतील.)

फळीखाली हात घातला तर आत आधीच दोन भोपळे. दोरीनं घट्ट बांधलेले. गाठ आत्याबाईंची.

माझे परत आणणार होते. चार म्हणजे उधळपट्टी. पण अंधार होता, हे यायची वेळ झाली होती.

चारही राहू दिले. पाणी लय लागतं ह्यांना.